चौथ्या प्रकरणातली सुई

७ एप्रिल १९८७

रेन्स्के,

सुई दिसत नाही.

मागच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. पृथ्वीच्या त्या टोकाला तुझ्याकडे आता थंडी सुरू होत असेल, गायी आटायला आल्या असतील, वेळ नसेल, असं मी स्वतःला सांगते. तरीही तुलाच लिहिते आहे, कारण इथे ज्याला सांगावं तो प्रत्येक जण या प्रकरणात कुठे ना कुठे अडकलेला आहे.

त्या पत्रांत मी फक्त समारंभाचं लिहिलं होतं: बावीस मेला माझी जाहीर परीक्षा आहे आणि पाठराखीण म्हणून तू, माझी मोठी बहीण, माझ्या मागे उभी राहावीस. कामाचं लिहिलं नव्हतं. आता लिहिते, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही.

आम्ही बैलाच्या काळजातून एक स्निग्ध पदार्थ काढतो. (काळजं बाबाच पुरवतात. कत्तलखान्यातून घेऊन, दुधाच्या जुन्या कॅनमध्ये बर्फात घालून, स्वतः गाडी चालवत इथे घेऊन येतात. दारावरच्या माणसाला सांगतात, "माझी मुलगी याच्यावर डॉक्टर होणार आहे." तो माणूस कॅनमध्ये डोकावून दोन पावलं मागे सरकतो.) तोच पदार्थ जंतूंच्या अंगावरच्या पापुद्र्यातही असतो. पाण्यात कालवला की तो आपोआप पापुद्रे धरतो. ती लापशी काचेच्या नळीत भरायची आणि नळी चुंबकात सोडायची. आपल्या दुधाच्या टाकीएवढा चुंबक. पापुद्र्यातला फॉस्फरस त्या चुंबकात रेडिओलहरींना उत्तर देतो आणि त्या उत्तराचा आलेख यंत्राचं पेन कागदावर काढतं. पापुद्रा अखंड असेल तर आलेख बसलेल्या गायीसारखा दिसतो. डावीकडे पसरट पुठ्ठा, उजवीकडे वर काढलेलं डोकं. पापुद्रा फुटून त्याचे बारीक गोळे झाले की ते पाण्यात गरगर फिरतात, आणि मग गायीच्या पाठीवर मधोमध एक उंच बारीक रेघ उभी राहते. तिला आम्ही सुई म्हणतो.

आमच्याकडे एक पेप्टाइड आहे, प्रथिनाचा छोटासा तुकडा. ते घातलं की सुई उभी राहते. म्हणजे ते जंतूंचा पापुद्रा फोडतं, म्हणजे उद्या त्यातून गायींची कास सुजवणाऱ्या कासदाहावर औषध होऊ शकतं. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण एवढंच आहे. बाकीची प्रकरणं त्याच्या पायऱ्या आहेत. दूध संघाने माझे मार्गदर्शक प्रोफेसर फर्स्टेख यांना चाचणीसाठी पैसे कबूल केले आहेत, आणि पहिली चाचणी कुणाच्या गोठ्यात होणार, ते तू ओळखलं असशील. संघाच्या सभेत बाबा हात वर करून उभे राहिले. आई सांगते, इतका सरळ उभा राहिलेला हा माणूस तिने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

संघाला भिंतीवर लावायला मोठा, स्वच्छ आलेख हवा होता. म्हणून मी ताजी नळी भरली. पेप्टाइडही ताजं होतं. शेजारच्या रसायनशास्त्राच्या इमारतीत ते करणारे जुने गृहस्थ निवृत्त झाले, आता लेन्स्ट्रा नावाच्या नव्या बाई करतात. रात्रभर मोजणी चालली. सकाळी कागद उचलला तर गाय बसलेली होती आणि पाठीवर काही नव्हतं.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. परत भरली. परत गाय.

प्रबंध छापून झाला आहे, रेन्स्के. खोकी माझ्या पलंगाखाली आहेत. एक खोकं बाबा घेऊन गेले आणि गावात वाटून मोकळे झाले.

हिस्के


१३ एप्रिल

रेन्स्के,

 उन्हात बसून लिहिते आहे.

दूध नासलं की तू आधी गायीकडे बघायचीस की कॅनकडे? कॅनकडे. मला ते आठवलं आणि मी लेन्स्ट्राबाईंकडे गेले. विचारलं, तुम्ही जुन्या पद्धतीपेक्षा वेगळं काय करता?

"काही नाही," त्या म्हणाल्या. "धुते फक्त."

"काय धुता?"

"आम्ल. पेप्टाइड शेवटी सोडवून घ्यायला कडक आम्ल लागतं ना? ते त्याला चिकटून राहतं. दोन दिवस जातात धुवायला, पण चिकटलेलं देणार कसं?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आधी धूत नव्हते?"

मी म्हटलं, बघते.

आता आमची चूक सांगते. ही चूक गवळी करणार नाही, डॉक्टर करणार नाही, आम्हीच करू शकतो. पाण्याची आम्लता आम्ही दर वेळी मोजतो, अगदी श्रद्धेने मोजतो. पण पेप्टाइड घालण्याआधी. एकदा ते घातलं की नळीत घट्ट लापशी होते, मोजायची काडी आत जात नाही, म्हणून पुढे कुणी मोजत नाही. आणि तुलना करायला जी दुसरी नळी असते, तिच्यात पेप्टाइड नसतं, म्हणजे आम्लही नसतं. तिच्यात गाय शांत बसते. आम्ही म्हणतो, बघा, फरक पेप्टाइडमुळे.

काल मी एक नळी भरली. पेप्टाइडचा कणही नाही. जुन्या पेप्टाइडबरोबर जेवढं आम्ल येत असेल तेवढं मोजून नुसतं आम्ल घातलं. मोजणी संपेपर्यंत मी यंत्राशेजारीच बसले होते, बास्टियान माझ्यासोबत. तो माझा दुसरा पाठराखा. माझ्यासारखाच प्रबंध लिहितो आणि मला 'गवळणबाई' म्हणतो.

"काय गवळणबाई, आज दूध की ताक?" तो म्हणाला.

पेन डावीकडून निघालं. पुठ्ठा काढला. मग मधोमध आलं आणि वर गेलं. जातच राहिलं, रेन्स्के. माझ्या प्रबंधाच्या एकाहत्तराव्या पानावर आहे तितकंच उंच.

बास्टियानने कागद उचलून उजेडात धरला.  म्हणाला, "नळी बदलली असशील."

"नाही."

"पेप्टाइडवाली नळी घातली असशील."

"पेप्टाइडवाली नळी फ्रीजमध्ये आहे. जा, बघून ये."

तो खरंच गेला. बघून आला आणि खुर्चीवर न बसता जमिनीवर बसला.

चुंबकात नळी गरम ठेवावी लागते, तिथे रात्रभर राहून आम्लाने त्या स्निग्ध रेणूंची शेपटं तोडली होती, बाकी काही नाही. तुटक्या शेपटीचे रेणू पापुद्रा धरत नाहीत, गोळे करतात. औषध नाही, जंतू नाही, काही नाही. आमची लापशी आंबली होती.

"आता काय करणार?" बास्टियानने विचारलं.

"प्रोफेसरांना सांगणार."

"आणि मग?"

 मग काय, हा प्रश्न असू शकतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटत होतं सांगितलं की झालं.

हिस्के


१७ एप्रिल

रेन्स्के,

सांगितलं.

प्रोफेसर फर्स्टेख माझ्यासाठी काय आहेत, ते तुला माहीत नाही, कारण ते इथे घडलं तेव्हा तू निघून गेली होतीस. पहिल्या वर्षी व्याख्यानाला मी मागच्या बाकावर बसायचे. गावाकडचे हेल ऐकून पोरं हसायची, म्हणून तोंड उघडत नव्हते. ते एकदा माझ्या बाकाशी येऊन म्हणाले, "तुम्ही वहीत लिहिता ते प्रश्न वर्गात विचारा. हसणाऱ्यांना एकही सुचलेला नाही." आपल्या घरात शाळेपुढे कुणी गेलेलं नव्हतं. मला विद्यापीठ म्हणजे हा माणूस, असं वाटायचं.

मी तिन्ही आलेख त्यांच्या टेबलावर ठेवले. मी बोलत असताना ते चष्मा पुसत होते. माझं बोलणं संपलं तरी पुसत होते.

"किती जणांना माहीत आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"बास्टियानला. लेन्स्ट्राबाईंना थोडंसं."

"बरं." चष्मा चढवला. "हे पाहिलंत ते चांगलं केलंत. परीक्षेनंतर यावर नीट बसू. सावकाश करण्यासारखं काम आहे."

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी परत पहिल्यापासून सांगू लागले, की आम्ल, की शेपटं.

"हिस्के," ते म्हणाले, "मला समजलंय. आठ वर्षांपूर्वी इथल्या एका विद्यार्थ्याला सुई मिळत नव्हती. मी त्याला म्हटलं, नीट कर. त्याने नीट केली."

"म्हणजे कशी?"

"ते मी विचारलं नाही."

हे इतक्या साध्या आवाजात म्हणाले, रेन्स्के. जसं कुणी म्हणेल, त्या दिवशी छत्री नेली नव्हती. मी उभी होते, आणि मला आठवतंय की माझी नजर त्यांच्या कॉफीवर होती, कपाशेजारच्या एका बिस्किटावर होती, आणि मी विचार करत होते की हे बिस्कीट ते आता खातील का. त्यांनी खाल्लं.

मग म्हणाले, "तुमचा प्रबंध समितीने मान्य केलाय. छापलाय. कुणी खोटं बोललेलं नाही. चूक आणि खोटं यांत फरक असतो."

"आज सकाळपर्यंत होता," मी म्हटलं.

हे मी म्हटलं की नुसतं मनात आलं, ते मला आता नक्की सांगता येत नाही. म्हटलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही.

अजून एक गोष्ट ते बोलले. ती आज लिहीत नाही.

हिस्के


२५ एप्रिल

रेन्स्के,

घरी जाऊन आले. 

मी चौथ्या प्रकरणाचं सांगायलाच गेले होते. बाबा स्थानकावर आले होते, नवी टोपी घालून. वाटेत दोनदा गाडी थांबवली, दोन्ही वेळा लोकांना मला दाखवायला. "ही आमची धाकटी. सुईवाली." घरी आईने माझा परीक्षेसाठीचा पोशाख शिवून टांगून ठेवला होता. यारिख जेवायला होता. आपला हा चुलतभाऊ, ज्याला बाबांनी तुझ्याऐवजी गोठ्यात घेतलं, आता तिथे बाबांच्या बरोबरीने हुकूम सोडतो, हे तुला आवडणार नाही, पण तसं आहे.

"काय मग डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "माझा गुडघा दुखतो, बघता का?"

"तिच्याकडे चुंबक आहे," आई म्हणाली. "तुझ्या डोक्यात लोखंड असेल तर चिकटशील."

सगळे हसले. मीही हसले. मग बाबा म्हणाले, चल, तुला काही दाखवतो.

शेवटच्या कप्प्यात तिघी वेगळ्या बांधल्या होत्या. मधली ती पांढऱ्या कपाळाची, तुझ्या लाडक्या गायीची नात. तिची कास एका बाजूने दगडासारखी झाली होती. मी हात लावला तर तिने पाय झाडला. अंग तापलं होतं.

"गुरांचे डॉक्टर आले होते?" मी विचारलं.

"बोलावलंच नाही," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "औषध बंद ठेवलंय. दुसरं काही दिलं तर तुझ्या सुईचा गुण कसा कळणार? जूनच्या चाचणीपर्यंत काढतील त्या. दणकट आहेत."

रेन्स्के, मी तिथेच गव्हाणीला धरून उभी राहिले. माझ्या एकाहत्तराव्या पानामुळे ती गाय तापाने फणफणत होती. आणि ते माझ्याकडे असं बघत होते, की मी आता शाबास म्हणेन.

"बाबा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना बोलवा."

"का?"

मला सांगता आलं नाही. प्रोफेसरांसमोर बोलले, पण इथे जीभ उचलली नाही. मी म्हटलं, "कारण विचारू नका. बोलवा."

त्यांचा चेहरा बंद झाला. तो कसा होतो ते तू बघितलंयस, कदाचित या जगात तूच सगळ्यांत जवळून बघितलंयस. "या घरात," ते म्हणाले, "मुलींनी मला हुकूम करायचा, आणि कारणही द्यायचं नाही. एकीने केलं तेवढं पुरे होतं."

मी घरात गेले आणि स्वतः डॉक्टरांना फोन केला. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. डॉक्टर आले, सुया टोचल्या. स्थानकावर मला यारिखने सोडलं. त्याने वाटेत काही विनोद केला नाही. उतरताना फक्त म्हणाला, "मधलीला मी रात्री बघीन."

हिस्के


५ मे

रेन्स्के,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ: "बाबांच्या गायींना ते देऊ नका." नाव नाही, कशी आहेस नाही. दहा वर्षांत बाबांविषयी तुझ्याकडून आलेली ही पहिली ओळ, आणि तीही गायींची. मी ती आईला फोनवर वाचून दाखवली.  आई म्हणाली, "मधली उठली. खाते आहे."

आता मागे राहिलेलं सांगते. प्रोफेसर म्हणाले होते की संघाच्या पैशातून इथे एक कायमची जागा निर्माण होणार आहे, आणि ती माझी आहे. हे मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू विचारलं असतंस की मी घेणार का, आणि तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. कायमची जागा, रेन्स्के. आपल्या घरात पावसापाण्यावर न अवलंबणारी पहिली नोकरी. मी त्या जागेत बसून बघितलं, मनातल्या मनात. खिडकीत कुंडीही ठेवली.

प्रबंध आता बदलता येत नाही. पण प्रबंधाबरोबर एक सुटा कागद असतो, विधानांचा. उमेदवार त्यावर दहा-बारा विधानं लिहितो, परीक्षेत त्यांतल्या कुठल्याही विधानावर प्रश्न विचारता येतो. पहिली काही विधानं शास्त्राची असतात, दुसऱ्यांच्या निष्कर्षांवर बोट ठेवणारी. शेवटचं एखादं गमतीचं. बास्टियानच्या मित्राने लिहिलं होतं की सायकलला घंटी असणं हा चारित्र्याचा पुरावा नाही. माझा कागद अजून छापायचा होता. त्यावर प्रोफेसरांची सही लागते.

मी पहिलं विधान बदललं:

"या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातला निष्कर्ष चुकीचा आहे. तिथे दिसणारी सुई पेप्टाइडची नसून न धुतलेल्या आम्लाची आहे."

दुसऱ्यांवर बोट ठेवायची रीत आहे तर स्वतःवर का नको, एवढाच विचार होता. त्यात शौर्य नव्हतं. मला फक्त ती गाय डोळ्यांसमोरून जात नव्हती.

प्रोफेसरांनी कागद वाचला. परत वाचला.

"असं आजवर कुणी केलेलं नाही," ते म्हणाले.

"नियमात मनाई नाही. मी पाहिलं."

"समिती तिथल्या तिथे परीक्षा थांबवू शकते. कळतंय का तुम्हाला? आईवडील पहिल्या रांगेत असतील."

"हो."

"संघ पैसे काढून घेईल. ती जागा राहणार नाही."

"हो."

"तुम्ही मला विचारायला आलात की सांगायला?"

"सही मागायला आले."

ते उठले, खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडे होती. "तुम्ही मागच्या बाकावर होतात तेव्हा बरं होतं," ते म्हणाले. हा टोमणा होता की आणखी काही, मला कळलं नाही. मग येऊन सही केली. सही करताना म्हणाले, "मी तिथे बसलेला असेन. माझ्याकडे बघू नका."

घरी मी अजून काही सांगितलेलं नाही. बाबा येणार आहेत की नाही, तेही माहीत नाही.

हिस्के


२३ मे

रेन्स्के,

घरी आहे, स्वयंपाकघरात. काल झालं ते सांगते.

बाबा आले. आईने काय केलं माहीत नाही, पण आले, पहिल्या रांगेत बसले, टोपी गुडघ्यावर. माझ्या मागे एका बाजूला बास्टियान आणि दुसऱ्या बाजूला तुझी जागा रिकामी. चोपदार म्हणाला, दोघं लागतात, रीत आहे. आई उठली आणि येऊन उभी राहिली, पर्स हातात धरून. कुणी तिला बस म्हटलं नाही.

समिती काळे झगे घालून आली. पहिले प्रश्न सोपे होते. मग लुंडच्या विद्यापीठातून आलेल्या प्रोफेसर एकेडाल उठल्या. आवाज एकदम मऊ.

"मला तुमचं पहिलं विधान वाचून धक्का बसला. गाडीत बसून परत परत वाचलं. तुम्हीच म्हणता तुमचं चौथं प्रकरण चुकीचं आहे. मग मी तुम्हाला पदवी कशाबद्दल द्यायची?"

 दर उत्तराआधी 'विद्वान प्रश्नकर्त्या' म्हणावं लागतं.  आईची पर्स माझ्या पाठीला लागत होती.

"विद्वान प्रश्नकर्त्या, मला माहीत नाही," मी म्हटलं. "मला एवढंच माहीत आहे की ते प्रकरण मी केलं, आणि ते चुकलंय हेही मीच त्याच चुंबकात दाखवलं. तुम्हाला फक्त पहिल्याचं मोल असेल, तर देऊ नका."

"पेप्टाइड घातल्यानंतर आम्लता का मोजली नाहीत?"

"कारण आधी मोजायची पद्धत होती."

"कुणाची?"

मी प्रोफेसर फर्स्टेख यांच्याकडे बघितलं नाही. "छापलेल्या पानावर माझं नाव आहे," मी म्हटलं.

त्या वाट बघत राहिल्या. माझी नाही. त्या समितीच्या रांगेत डावीकडे बघत होत्या, जिथे प्रोफेसर फर्स्टेख बसले होते.  मग आम्ल आणि शेपटं यांवर त्यांनी मला इतकं उलटंपालटं केलं की घामाने पोशाख अंगाला चिकटला, आणि मला कळलं की हा सगळ्या वर्षांतला पहिला खरा प्रश्नोत्तरांचा तास आहे. दार उघडलं, चोपदाराने काठी आपटली, "वेळ झाली!" समिती उठून आत गेली.

ती लवकर बाहेर आली नाही. नेहमी येते. बास्टियान माझ्या कानात म्हणाला, "गवळणबाई, ताक झालं बहुतेक." आणि मग त्याने माझा हात धरला, हे त्याने कधी केलेलं नाही.

दिली, रेन्स्के. अध्यक्षांनी सांगितलं की चौथं प्रकरण वगळूनही उरलेलं पुरेसं आहे, यावर मतं पडली आणि ती माझ्या बाजूने पडली. ऐकताना मला आनंद झाला नाही. अजून नीट झालेला नाही. मी फक्त उभी होते. प्रोफेसर फर्स्टेख यांनी रिवाजाप्रमाणे गौरवाचं भाषण वाचलं. माझे कष्ट, माझी चिकाटी, माझं गाव, सगळं होतं. त्यात चुकीबद्दल एक शब्द नव्हता. तो कागद वाचून झाल्यावर मला द्यायचा असतो; त्यांनी मात्र दिला नाही, खिशात ठेवला. संघाचे लोक आले होते ते न भेटता गेले. ती जागा गेली.

नंतर सगळे चीजचे तुकडे आणि मोहरी खात उभे होते तेव्हा बाबा माझ्याजवळ आले.

"म्हणजे ती सुई खोटी."

"हो."

"म्हणून डॉक्टरला फोन केलास."

"हो."

"मला सांगितलं नाहीस. या झगेवाल्यांना सांगितलंस."

"तुम्हाला सांगायची भीती जास्त वाटत होती."

त्यांनी एक तुकडा उचलला, परत ठेवला. "गावात मी चाळीस पुस्तकं वाटलीत," ते म्हणाले. मी म्हटलं, लोक फक्त आभाराचं पान वाचतात. ते हसले नाहीत.

"तू तिथे उभी राहून म्हणालीस, चुकलं. सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि त्यांनी हाकलून दिलं नाही."

"नाही."

"हं," ते म्हणाले. गाडीत पूर्ण रस्ताभर एवढंच.

आज सकाळी दूध काढून झाल्यावर ते बूट न काढताच स्वयंपाकघरात आले. आई ओरडली. त्यांनी लक्ष दिलं नाही. मी हेच पत्र लिहीत होते, वर ते 'दिली, रेन्स्के' आहे ना, तिथवर आले होते.

"कुणाला?" त्यांनी विचारलं, उत्तर माहीत असलेल्या माणसाच्या आवाजात.

"रेन्स्केला."

माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "एक कागद दे. वेगळा."

मी दिला. पेनही दिलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"तुमच्यात ते कसं लिहितात? चुकलेलं."

"काय चुकलं ते आधी लिहायचं. कारणं नंतर. नसली तरी चालतात."

"कारणं होती," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण ती गोठा माझ्यापेक्षा चांगला सांभाळायची. यारिखला अजून गाभण गाय ओळखता येत नाही."

 आई भांडी विसळत होती, तिने पाण्याचा नळ बंद केला, आवाज नको म्हणून.

"खाली कुणाची सही लागते?"

"तुमची."

"फक्त?"

"फक्त."

ते आता लिहीत आहेत. खूप दाबून लिहितात, टेबल हलतंय, म्हणून माझं अक्षर असं आलंय. त्यांच्या कागदावर काय आहे ते मी बघितलेलं नाही आणि बघणारही नाही. तो याच पाकिटात येईल. वाचायचा की नाही ते तू ठरव, मी तुला गळ घालणार नाही.

यारिखने आत्ता गोठ्यातून हाक मारली, तिसऱ्यांदा. बाबांनी मान वर न करता ओरडून सांगितलं, "थांब जरा. मी रेन्स्केशी बोलतोय."

हिस्के